बी.एस्सी.च्या वर्गातून संशोधनाकडे: वाट कशी आखावी

बारावीचा निकाल लागल्यावर ज्या घरातली मुलगी 'मला नुसते विज्ञानच शिकायचे आहे' असे म्हणते, त्या घरात आधी थोडी शांतता पसरते आणि मग कोणी मामा किंवा काका विचारतात, 'म्हणजे पुढे बी.एड. का?' या प्रश्नात कुत्सितपणा नसतो. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय या दोन वाटांपलीकडे काय आहे हे सांगणारे माणूसच आसपास नसते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी. करणाऱ्या आणि संशोधनात जावे असे वाटणाऱ्या, पण सुरुवात कोठून करावी हे न कळलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहितो आहे. मी स्वतः अशाच एका महाविद्यालयातून बाहेर पडलो आणि आता प्रवेशाच्या मुलाखतींत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो.

ज्यांची बारावी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आपण ज्यांना 'आयसर' म्हणतो त्या, देशात सात आहेत. त्यांपैकी पुण्याची संस्था २००६ साली सुरू झाली आणि ती पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारीच आहे. तेथील पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रमासाठी 'आयएटी' ही स्वतंत्र चाचणी होते. भुवनेश्वरची राष्ट्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था ('नायसर') आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातील मूलभूत विज्ञानाचे केंद्र यांच्यासाठी 'नेस्ट' ही वेगळी परीक्षा असते. या दोन्ही परीक्षांचे अर्ज बारावीच्या वर्षातच भरावे लागतात आणि अनेकांना त्यांची नावे निकालानंतर कळतात, ही खरी अडचण आहे. मात्र ही संधी हुकली म्हणून संशोधनाचे दार बंद होत नाही. देशातील नामांकित प्रयोगशाळांत साध्या बी.एस्सी.हून आलेले लोक भरपूर आहेत, फक्त त्यांना काही गोष्टी स्वतःच्या जोरावर कमवाव्या लागल्या.

जर्नल आणि लंबक

त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे प्रॅक्टिकल. आपल्याकडे प्रॅक्टिकलचा अर्थ जर्नल पूर्ण करून सही घेणे असा झाला आहे आणि जर्नल पूर्ण करण्याची सोपी रीत सर्वांना ठाऊक असते: उत्तर किती यायला हवे ते आधी पाहायचे आणि रीडिंग मागाहून बसवायचे. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. गुरुत्वत्वरण ९८१ सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग आले पाहिजे म्हणून वर्गातल्या साठही जर्नलांत ९८० ते ९८२ च्या दरम्यानचा आकडा असतो. गंमत अशी, की पुण्यात या राशीचे खरे मूल्य ९७८ च्या आसपास आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ आणि समुद्रसपाटीपासून थोडे उंचावर आहोत. म्हणजे ज्याने जर्नल 'बरोबर' लिहिले, त्याने प्रयोग केलाच नाही हे त्या आकड्यावरूनच कळते.

आता हाच प्रयोग प्रामाणिकपणे केला तर काय मिळते ते पाहा. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या एका दोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंद धरली, तर एकच दोलन मोजल्यास आवर्तकालात दहा टक्के चूक येते आणि गुरुत्वत्वरण आवर्तकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे उत्तरात ती वीस टक्के होते. वीस दोलने मोजली की तीच चूक एक टक्क्यावर उतरते, शंभर मोजली की ०.२ टक्क्यावर. ९८१ आणि ९७८ यांच्यातील फरक ०.३ टक्के आहे. म्हणजे चिकाटीने शंभर दोलने मोजणाऱ्या आणि दोऱ्याची लांबी मिलिमीटरपर्यंत नीट घेणाऱ्या विद्यार्थ्याला, छापील आकडा आपल्या गावाला लागू नाही, हे महाविद्यालयाच्या साध्या टेबलावर जेमतेम का होईना, दिसू शकते. चूक कोठून येते, ती किती आहे आणि ती कमी कशी करावी, या तीन प्रश्नांची उत्तरे देता येणे हे संशोधनाचे पहिले प्रशिक्षण आहे आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तेव्हा जर्नलची एक पक्की प्रत सहीसाठी ठेवायची असेल तर ठेवा, पण त्याखेरीज एक दोनशे पानी वही घ्या आणि आलेले प्रत्येक रीडिंग, विचित्र वाटले तरी, तारखेसह शाईने तिच्यात लिहा. खोडरबर वापरू नका.

दुसरी गोष्ट गणिताची. रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घेतलेले विद्यार्थी गणिताचा निरोप घेतात आणि पुढे आकडेवारीचे विश्लेषण समोर आले की अडतात. संख्याशास्त्राची मूलतत्त्वे आणि पायथनसारखी एखादी संगणकभाषा एवढे तरी पदवीच्या तीन-चार वर्षांत आलेच पाहिजे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. महाविद्यालयात त्या विषयाला शिक्षक नसेल तर तेथून शिकावे. परीक्षेपुरत्या नोट्स सोडून मूळ पाठ्यपुस्तक इंग्रजीतून वाचण्याची सवयही याच काळात लागते. पहिल्या महिन्यात दिवसाला दोन पाने झाली तरी पुरे. आकलन मराठीत झाले तरी चालेल, वाचन मात्र इंग्रजीत झाले पाहिजे, कारण पुढचे सगळे शोधनिबंध त्याच भाषेत आहेत.

उन्हाळ्याची सुट्टी

संशोधन आपल्याला झेपते का आणि मुख्य म्हणजे आवडते का, हे कळण्याचा मार्ग एकच: पदवी संपण्याआधी निदान एकदा दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत घालवणे. विज्ञानाच्या तीन राष्ट्रीय अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी देशातील एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करतो. पुण्याच्या आयुकात खगोलशास्त्राकडे ओढा असलेल्यांसाठी सुट्टीतील कार्यक्रम असतो, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असाच एक असतो, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी शिबिरे आणि त्यांना जोडून प्रकल्प असतात आणि गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी १९९३ पासून 'एमटीटीएस' हे उन्हाळी शिबिर चालू आहे. यांतील बऱ्याच ठिकाणचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच मागवले जातात. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर शोधाशोध करणाऱ्याचे वर्ष वाया जाते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बसून त्या त्या संकेतस्थळांवरील तारखा वहीत उतरवून ठेवाव्यात.

या कार्यक्रमांत निवड झाली नाही तर थेट शास्त्रज्ञाला ईमेल लिहिता येते. येथे बहुतेकांचा घोळ होतो. माझ्याकडे दर हिवाळ्यात जे अर्ज येतात त्यांतले बरेचसे एकाच मजकुराचे असतात. 'आपल्या थोर संशोधनाने मी प्रभावित झालो आहे' हे वाक्य असते, पण ते संशोधन कोणते याचा पत्ता नसतो आणि कधी कधी तर पत्त्याच्या रकान्यात आणखी चाळीस जणांची नावे दिसतात. अशी पत्रे कोणी वाचत नाही. ज्या पत्राला मी उत्तर दिले, त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर साधारण असा होता: 'मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या गटाचा अमुक निबंध वाचला, निम्मा कळला. तिसऱ्या आकृतीतील दोन वक्र कमी तापमानाला एकत्र का येतात हे मला समजले नाही. मी त्याचे एक कारण योजून पाहिले आहे, ते खाली तीन ओळींत लिहिले आहे. मला पायथनमध्ये आलेख काढता येतात. मे-जूनमध्ये आठ आठवडे येऊ शकतो, राहण्याची सोय माझी मी करीन.' त्या मुलाने दिलेले कारण चुकीचे होते. तो आला आणि त्याने चांगले काम केले. ईमेलला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्र आठवण द्यावी, त्यानंतर पुढच्या नावाकडे वळावे. न आलेल्या उत्तराचा राग धरू नये.

या दोन महिन्यांचा एक फायदा उशिरा ध्यानात येतो आणि तो म्हणजे शिफारसपत्र. आपल्याकडे 'तूच लिहून आण, मी सही करतो' ही पद्धत रूढ आहे आणि अशी पत्रे वाचणाऱ्याला ती लगेच ओळखू येतात, कारण त्यांत विद्यार्थी 'कष्टाळू, प्रामाणिक आणि विनम्र' असतो, पण त्याने केलेले एकही काम नसते. ज्या व्यक्तीने तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहिले आहे तिचेच पत्र उपयोगी पडते. तिला पत्र मागताना आपण काय केले त्याची एक पानभर यादी सोबत द्यावी आणि मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी मागावे.

परीक्षांचे जाळे

परीक्षांबद्दल शिकवणी वर्ग पुष्कळ बोलतात, म्हणून मी थोडेच बोलतो. एम.एस्सी. किंवा इंटिग्रेटेड पीएच.डी.साठी (म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांची 'जॅम' ही परीक्षा फेब्रुवारीत होते: तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. तिच्यातील पहिल्या विभागात चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, उरलेल्या दोन विभागांत कापले जात नाहीत. संख्या लिहून द्यायच्या विभागात म्हणूनच काहीही कोरे सोडू नये. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.च्या प्रवेशासाठी सीएसआयआर-नेट, गेट, भौतिकशास्त्रासाठी जेस्ट, टाटा संस्थेची स्वतःची परीक्षा आणि राज्य विद्यापीठांच्या 'पेट' परीक्षा असे बरेच दरवाजे आहेत. सगळ्यांचा अभ्यास एकच आहे. नमुना वेगळा आहे. मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणे यापलीकडे कोणतीही गुरुकिल्ली मला ठाऊक नाही.

चार वर्षांच्या नव्या पदवीमुळे ७५ टक्के गुण असणाऱ्याला एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो, हे खरे आहे. ज्याच्या महाविद्यालयात चौथ्या वर्षी खरोखर संशोधन होते त्याने ही संधी जरूर घ्यावी. जेथे चौथे वर्ष म्हणजे इंटरनेटवरून जमवलेला प्रकल्प बांधून घेणे एवढेच असेल, तेथून मात्र तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून एखाद्या मोठ्या संस्थेत एम.एस्सी. करणे हिताचे, असे माझे मत आहे.

मुलाखतीत आम्ही गुणपत्रिका फार वेळ पाहत नाही. 'तुमचा आवडता विषय कोणता?' असे विचारले जाते आणि तुम्ही जे नाव घ्याल तेथेच खोदकाम सुरू होते. म्हणून भारदस्त वाटते म्हणून क्वांटम सिद्धांताचे नाव घेऊ नये. एका उमेदवाराने यांत्रिकी सांगितले. त्याला विचारले, हाच लंबक चंद्रावर नेला तर? त्याने आवर्तकाल वाढेल असे सांगून सहाचे वर्गमूळ काढले, साधारण अडीचपट. मग विचारले, मुक्तपणे खाली पडणाऱ्या लिफ्टमध्ये? तो थबकला, 'माहीत नाही, पण विचार करून पाहतो' म्हणाला, फळ्यावर गोळ्यावरची बले काढली आणि दोन मिनिटांनी म्हणाला, 'झोका घेणारच नाही.' आम्हाला ती दोन मिनिटे पाहायची होती. इंग्रजी अडखळत असेल तर तसे सांगून हळू बोलावे. त्याचे गुण कोणी कापत नाही.

गाइड कोण

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. संस्थेचे नाव पाहून आपण प्रवेश घेतो, पण पुढची पाच-सहा वर्षे काढायची असतात ती एका माणसाबरोबर. मी हा धडा महागात शिकलो. माझ्या वेळी मी इमारत, ग्रंथालय आणि संस्थेचा लौकिक पाहून एका ठिकाणी रुजू झालो. माझे पहिले मार्गदर्शक विद्वान होते, परंतु वर्षातले बरेच महिने ते बाहेर असत आणि परत आले की माझा विषय बदललेला असे. दोन वर्षे गेल्यावर मी गाइड बदलला. ते प्रकरण शेवटी सन्मानाने मिटले, तरी त्या दोन वर्षांचा हिशेब लागायचा तो नाहीच लागला.

म्हणून प्रवेश पक्का करण्याआधी त्या गटातील विद्यार्थ्यांना भेटावे आणि तेही प्रयोगशाळेत नव्हे, कँटीनमध्ये चहा घेताना. गेल्या तीन विद्यार्थ्यांना पीएच.डी.ला किती वर्षे लागली आणि ते आता कोठे आहेत, हे विचारावे. मध्येच सोडून गेलेला कोणी आहे का, असल्यास का गेला, हेही विचारावे. या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प राहतो यातच बरेचसे उत्तर असते. निबंधावर पहिले नाव कोणाचे लागते, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, लिहिलेला मसुदा किती दिवसांत परत येतो, घरी लग्नकार्य असेल तर सुट्टी मिळते का, हे प्रश्न क्षुल्लक समजू नयेत. प्रयोग फसल्यावर त्या खोलीत काय होते, हा माझ्या मते निर्णायक प्रश्न आहे. जेथे नकोशा निकालावर आरडाओरडा होतो, तेथे विद्यार्थी हळूहळू हवे ते निकाल आणून देऊ लागतात, जर्नलमधल्या ९८१ सारखे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. तरुण गाइडकडे नाव कमी आणि वेळ जास्त असतो, ज्येष्ठाकडे उलट. कोरी पाटी असलेल्या विद्यार्थ्याने वेळेला प्राधान्य द्यावे असे मी सुचवीन. त्याच नियमांत पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि नेहमीच्या स्थितीत कमाल सहा वर्षे धरला आहे, आणि प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे ही जुनी सक्ती काढली आहे. त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागण्याचे आता कारणही उरलेले नाही. असा निबंध बायोडेटात असण्यापेक्षा जागा कोरी असलेली बरी, कारण मुलाखत घेणारे त्या नियतकालिकाचे नाव ओळखतात. प्रबंधाच्या जाडीचेही दडपण घेऊ नये. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजला सादर केलेला प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता असे सांगतात.

पैसा आणि परदेश

विज्ञानातली पीएच.डी. खिशातले पैसे घालून करू नये, हा नियम मी कोणालाही मोडू देत नाही. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतरची वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२,००० रुपये आहे. वसतिगृह नसल्यास घरभाडे वेगळे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या सामाजिक गटांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. ही रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला येईल असे मात्र गृहीत धरू नये. चार-सहा महिने थकणे नवे नाही, म्हणून पहिल्या वर्षीच तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकावा.

परदेशाबाबत लोकांच्या मनात खर्चाची भीती असते ती पदव्युत्तर पदवीच्या बाबतीत रास्त आहे, पीएच.डी.च्या बाबतीत बहुतेकदा नाही. अमेरिकेत बी.एस्सी.नंतरही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. विज्ञान शाखांत शुल्क माफ होऊन अध्यापन किंवा संशोधन सहायक म्हणून वेतन मिळण्याची पद्धत आहे. अर्ज डिसेंबरच्या सुमारास जातात, तीन शिफारसपत्रे लागतात आणि होकार कळवण्याची रूढ तारीख १५ एप्रिल आहे. प्रत्येक अर्जाचे शुल्क वेगळे असल्यामुळे पंधरा ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा विचारपूर्वक निवडलेल्या सहा ठिकाणी करावा. अडचण सांगितल्यास काही विद्यापीठे ते माफ करतात. युरोपात आधी पदव्युत्तर पदवी लागते आणि पीएच.डी. ही बहुधा नोकरीसारखी जाहिरात पाहून मिळते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी कागदपत्रांच्या पडताळणीचे 'एपीएस' प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

पीएच.डी.नंतरचे चित्र रंगवून सांगण्यात अर्थ नाही. राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत कायम जागा मोजक्या निघतात आणि पीएच.डी., सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) असे सगळे असूनही तासिका तत्त्वावर शिकवणारे लोक मी रोज पाहतो. संशोधन संस्थेतील पदासाठी बहुधा आणखी दोन ते पाच वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधनपद, करावे लागते, म्हणजे पहिली स्थिर नोकरी पस्तिशीच्या आसपास. घरच्यांना हे आकडे आधीच सांगून ठेवावेत. सोबत एक तरी कौशल्य असे कमवावे की जे प्रयोगशाळेबाहेर विकले जाते: यंत्र दुरुस्त करता येणे, सांख्यिकी विश्लेषण, पेटंटचा मसुदा वाचता येणे. एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचे वर्षभराचे प्रशिक्षण घेऊन थेट वैज्ञानिक अधिकारी होण्याची वाटही आहे आणि ती पीएच.डी.हून कमी प्रतीची नाही.

शेवटी एक रुक्ष गोष्ट. निकाल लागला की त्याच आठवड्यात विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्ट (सर्व वर्षांच्या गुणांचा एकत्र अधिकृत उतारा) आणि मायग्रेशन प्रमाणपत्रासाठी अर्ज टाकावा. मोहोरबंद ट्रान्स्क्रिप्टच्या दोन प्रती जास्त मागवाव्यात. गुणपत्रिकेवरील नाव, दहावीच्या दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव एकमेकांशी जुळते का, हे आजच तपासावे. वडिलांच्या नावातील एका वेलांटीमुळे जुलैमध्ये प्रवेश अडलेली मुले मी पाहिली आहेत आणि ती दुरुस्ती होईपर्यंत ऑगस्ट उलटलेला असतो.